वहीत नसलेले दिवस

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, माझ्या मुलीने तिच्या वर्गशिक्षिकेच्या उजव्या मनगटाला चावा घेतला. ती तेव्हा तिसरीत होती, आठ वर्षांची. वर्गातली बाकं त्या दिवशी नव्या पद्धतीने लावली होती आणि तिची जागा बदलली होती, असं कारण सांगण्यात आलं. शाळेचा फोन नऊ अठराला आला. पावणेदहाला मी तिथे पोचलो. ती मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेर बसून बुटाची लेस सोडत होती आणि पुन्हा बांधत होती. शिक्षिका शेजारी उभ्या होत्या. मनगटावर दातांची खूण होती, रक्त आलं नव्हतं.

"ज्यादा नहीं लगा, सर," त्या म्हणाल्या. "मैंने हाथ पकड लिया था. नहीं पकडना चाहिए था."

मुख्याध्यापिकांनी आत बोलावलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात बैठक होती. मुलीला चौथीत याच शाळेत ठेवायचं की नाही, हे त्या बैठकीत ठरणार होतं. काढून टाकणं हा शब्द कोणी वापरला नाही. 'शिफ्ट' असा शब्द वापरला. घरी तिच्या वागण्याची काही नोंद ठेवली असेल तर ती आणून द्या, त्याने मदत होईल, असं त्यांनी सांगितलं.

नोंद होती. दुसऱ्या दिवशी मी ती नेऊन दिली.

आम्ही आर. के. पुरममध्ये सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. क्वार्टर बायकोच्या नावावर आहे, ती एका मंत्रालयात आहे. मी एका मराठी दैनिकाच्या दिल्ली कार्यालयात डेस्कवर आहे, माझी पाळी संध्याकाळी सातला सुरू होते आणि पानं छपाईला गेल्यावर संपते. मुलीची व्हॅन पावणेदोनला येते. पावणेदोन ते साडेसहा ती माझ्याकडे, त्यानंतर आईकडे. हा बदल बहुतेक दिवस दारातच होतो. बायकोने चपला काढलेल्या नसतात, माझ्या घातलेल्या असतात.

"आज किती?" ती विचारते.

"दोन. एक तीनला, एक पाचला."

"दुसऱ्यात काय?"

"कुकर."

मग मी जिना उतरतो. दीड वर्ष आमचं रोजचं बोलणं साधारण एवढंच होतं. तिघांनी एकत्र बसून जेवण्याचा वार रविवार होता आणि रविवारी आम्हा दोघांपैकी एकजण झोपलेला असायचा.

मुलीच्या वागण्याला डॉक्टरांनी दोन नावं सुचवली होती, एकावर त्यांचं एकमत झालं नव्हतं. ठरलेलं बदललं, अचानक मोठा आवाज झाला, कोणी न विचारता हात लावला, की ती ओरडते, वस्तू फेकते, कधी मारते किंवा चावते. ते पाच मिनिटं चालतं किंवा पन्नास. संपलं की ती विचारते, "झालं?" जणू दुसऱ्याच कोणाचं काहीतरी चाललं होतं.

थेरपीसाठी आठवड्यातून एकदा ज्यांच्याकडे जायचो, त्या बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, दिवसाची नोंद ठेवा. मी घटनांची ठेवली. हा फरक मला दीड वर्ष दिसला नाही.

वही जाड पुठ्ठ्याची, शंभर पानी, थेरपीच्या बाईंना वाचता यावी म्हणून हिंदीत लिहिलेली. नोंदीची पद्धत मी डेस्कवरची वापरली. वेळ, ठिकाण, आधी काय झालं, मग काय झालं, किती वेळ, कोणाला इजा. विशेषणं नाहीत. 'चिडली' असं लिहायचं नाही, कारण चिडणं दिसत नाही. ओरडणं ऐकू येतं, ते लिहायचं. उदाहरणार्थ: 'बुधवार, ४.२०. कोपऱ्यावरचं दुधाचं बूथ. रांगेत एक गृहस्थ पुढे घुसले. मुलगी ओरडली, रिकामी पिशवी त्यांच्यावर फेकली, मग चप्पल. नऊ मिनिटं. इजा नाही. माफी मागितली: तिघांची.'

माझ्याबद्दल त्या वहीत दोन नोंदी आहेत. एका दुपारी मी हात उगारला, मारला नाही. आणि एकदा ती खोलीत ओरडत असताना मी न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावली आणि नळ सोडला. अकरा मिनिटं. पाणी सकाळीच भरून झालं होतं. नळाचा आवाज हवा होता.

मुख्याध्यापिकांनी वही माझ्यासमोर वाचली. वीसेक मिनिटं लागली. शाळेच्या समुपदेशक बाई शेजारी बसून पेन्सिलीने खुणा करत होत्या.

"आप जर्नलिस्ट हैं न?" मुख्याध्यापिका म्हणाल्या. "बहुत साफ लिखा है."

मी आभार मानले.

"सर, हमारे रजिस्टर में पूरे साल के नौ इन्सिडेंट हैं. आपकी कॉपी में तो..." त्यांनी पानं अंगठ्याने फिरवली आणि आकडा सांगितला नाही. "अगर घर पर भी यही हाल है, तो हम क्या कर पाएँगे? यह आप ही की लिखाई है."

वहीची झेरॉक्स काढून घेतली गेली. बैठकीआधी आणखी काही द्यायचं असेल तर दहा दिवस होते.

शनिवारी दुपारी बायकोने वही पहिल्यांदा वाचली. ती तोपर्यंत कधी उघडलीच नव्हती, तिला माझ्याकडून आकडा कळत होता. मुलगी आतल्या खोलीत होती. बायको जमिनीवर बसून वाचत होती, पाठ कपाटाला टेकून.

"हे दिलंस तू त्यांना?"

"त्यांनी मागितलं."

"अरे, पण हे..." तिने दोन पानं उलटली. "ही मुलगी दीड वर्षात एकदाही जेवली नाही का रे? हसली नाही? आंघोळ केली नाही?"

"यातलं एक वाक्य खोटं असेल तर सांग."

"खोटं कुठे म्हणतेय मी. हा ऑगस्टचा आठवडा कुठेय?"

"त्या आठवड्यात काही झालं नाही."

"काहीच नाही?"

"लिहिण्यासारखं नाही. बातमी नव्हती."

"अच्छा," ती म्हणाली. "मग जे लिहिलंयस ते छाप उद्या. पहिल्या पानावर. फोटो मी देते."

ती उठली आणि वही माझ्या मांडीवर ठेवून गेली. मी ऑगस्ट काढला. सोमवारनंतर थेट पुढचा मंगळवार होता. मधल्या सात दिवसांत काय झालं होतं, हे मला आठवेना. आधीचे महिने काढले. कोऱ्या तारखा एकूण नोंदींपेक्षा जास्त निघाल्या, जवळजवळ तिप्पट. दुधाच्या बूथवरच्या माणसाच्या स्वेटरचा रंग मला आठवत होता. त्या तिप्पट दिवसांतला एकही आठवत नव्हता. ज्या दिवशी काही होत नसे त्या दिवशी मी मिळेल तिथे झोपत असे, हे एक कारण असावं.

म्हणून मी माहिती काढायला सुरुवात केली. कोऱ्या तारखांची यादी केली. नियम नेहमीचाच ठेवला: दोघांनी वेगवेगळं सांगितलं तर लिहायचं, किंवा एकाने सांगितलं आणि पुरावा आहे तर लिहायचं. फोटो, तिकीट, मेसेज, काहीही चालेल.

बायकोकडे पुष्कळ होतं, पण ते बहुतेक एकटीचं होतं. पासपोर्टच्या फोटोसाठी मुलगी न हलता बसली होती, याला फोटो होता. मेट्रोत एका आजोबांना तिने न सांगता जागा दिली होती, याला कोणी नव्हतं. ते मी सोडून दिलं. "मी ऑफिसर आहे भारत सरकारची," बायको म्हणाली, "माझ्या सहीवर फायली हलतात, आणि तुला दुसरा साक्षीदार हवाय." मेट्रोचं तरीही लिहिलं नाही.

खालच्या मजल्यावर अहमदनगरकडचं कुटुंब राहतं. ख्रिस्ती आहेत. गृहस्थ टपाल खात्यात, बाई घरी शिकवण्या घेतात. मुलगी त्यांना मावशी म्हणते, मी ताई म्हणतो. रविवारी त्या चर्चमधून आल्यावर मी वही घेऊन खाली गेलो आणि नाताळच्या आदल्या दिवसाबद्दल विचारलं, कारण ती तारीख कोरी होती.

"त्या दिवशी ती माझ्याकडेच होती की. करंज्या करायला. तुम्ही सोडून गेलात आणि तीन तास तुमचा फोन नाही."

"किती केल्या?"

"मोजल्या नाहीत भाऊ. पोलिसासारखं काय विचारता?"

"तिने काय केलं नेमकं?"

"सारण भरलं. कडा दाबल्या. कातणं मी देत नव्हते, तर म्हणाली, मावशी, मैं करूँगी, आणि सगळ्या तिनेच कातल्या. तळताना एक फुटली नाही. एक बशी फुटली, ती माझ्या हातून."

"बशीचा आवाज झाला तेव्हा?"

"कानावर हात ठेवले तिने. मग मला म्हणाली, चप्पल घाल." त्या हसल्या. "लिहा, लिहा. बशी माझ्या नावावर लिहा."

त्यांच्या यजमानांनी आतून बशीला दुजोरा दिला. ती आहेरात आलेल्या सहांपैकी एक होती. मी लिहून घेतलं आणि उठलो.

"आणि काला अंबचं लिहिलं का?" ताईंनी विचारलं.

संक्रांतीला इथल्या मराठी मंडळाची बस पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकाला जाते. त्या जानेवारीत आम्ही गेलो होतो. बायकोला सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून मुलगी आणि मी. त्या तारखेला माझ्याकडे पूर्ण बातमी आहे, मीच पाठवलेली: धुकं, किती बस आल्या, कोणी हार घातला, कोण काय बोललं. तीन परिच्छेद. वहीत काही नाही. तिथल्या लाउडस्पीकरची मला सगळ्यात जास्त भीती होती म्हणून मी तिचे कानावरचे मोठे हेडफोन नेले होते, आणि घोषणा चालू असताना ती ते लावून स्तंभाभोवती फेऱ्या मारत राहिली होती, एवढं मला आठवत होतं.

"त्या दिवशी काही झालं नाही," मी म्हणालो.

"तुम्हाला कसं कळणार? तुम्ही तर झोपला होता."

"कधी?"

"येताना. मुरथलला पराठे खाल्ले ना, बस सुटली आणि तुमची मान पडली. पोरीच्या खांद्यावर. एवढासा खांदा. मी मागच्याच सीटवर. म्हटलं, आता हिने हिसका दिला तर तुमचं डोकं खिडकीवर आपटणार."

"मग?"

"मग काय. पुढे बायकांनी गाणी सुरू केली, माइक होता, टाळ्या, ड्रायव्हरचा हॉर्न. तिचे ते कानावरचे खाली पडलेले पायाशी. वाकली तर तुम्ही उठणार. मी म्हटलं, थांब, मी देते काढून. तर तिने ओठांवर बोट ठेवलं. मला गप्प केलं हो, मला. पार दिल्लीत, धौला कुआँपर्यंत तशीच. लाल झाली होती कानापर्यंत. पण हलली नाही. मी घरी येऊन यांना सांगितलं. तुम्हाला सांगायचं राहिलं, मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

मी वर आलो. मावशी काय म्हणाल्या ते मुलीला सांगितलं नाही. ती जमिनीवर पालथी झोपून वर्तमानपत्राच्या मोकळ्या कडेला गाड्यांचे नंबर लिहीत होती. मी शेजारी बसलो, मध्ये एक हाताचं अंतर ठेवून.

"काला अंबहून येताना बसमध्ये काय झालं होतं?"

"काही नाही."

"मुरथलनंतर?"

"तू दोन पराठे खाल्ले. मग सो गया."

"कुठे?"

"माझ्यावर." तिने डाव्या खांद्यावर पेन्सिल टेकवली.

"हेडफोन कुठे होते तुझे?"

"खाली."

"उचलले का नाहीस?"

"बाबा झोपला की उठवायचं नाही. आईचा रूल आहे."

"आवाज होता ना पण."

"खूप होता. मी ट्रक मोजले."

"किती?"

"दोनशे सात. मग अंधार झाला, तर मी नुसते लाइट मोजले." तिने एक नंबर पुरा केला. "माझा हात पण सो गया होता. मी त्याला बोलली, अभी नहीं."

"दुखला?"

"धौला कुआँला दुखला. तू उठला तेव्हा. तू विचारलं, आलं का घर."

हे मला आठवलं. मी तसं विचारलं होतं.

सोमवारी मी फोनमध्ये पाहिलं. मुरथलहून बातमी पाठवल्याची वेळ चार पस्तीस. त्यानंतर डेस्कचे तीन फोन, पाच वाजून पाच, पाच वाजून बावीस, पाच वाजून चाळीस, एकही उचललेला नाही. त्यानंतर मी केलेला फोन सहा दहाचा. दोन व्यक्ती आणि एक पुरावा. नोंद पक्की होती.

दहा दिवसांत सदतीस तारखा भरल्या. बाकीच्या कोऱ्या राहिल्या. व्हॅनवाल्या भैयांनी एकट्यांनी चार दिल्या, त्या शाळेच्या हजेरीशी जुळल्या. जुन्या नोंदींतली एकही काढली नाही. नव्या नोंदी वेगळ्या कागदांवर, त्याच पद्धतीने लिहिल्या: वेळ, ठिकाण, आधी काय झालं, मग काय झालं, किती वेळ, कोणाला इजा.

बायकोने शेवटचे कागद स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून वाचले. काला अंबची नोंद अशी होती: 'संक्रांत, ४.३५ ते ६.१०. बस, मुरथल ते धौला कुआँ. वडील मुलीच्या खांद्यावर झोपले. बसमध्ये माइकवर गाणी, हॉर्न. हेडफोन खाली पडलेले. मुलगी हलली नाही. पंच्याण्णव मिनिटं. इजा: मुलगी, डाव्या हाताला मुंग्या.'

"इजा लिहिलंयस," ती म्हणाली.

"झाली ना."

तिने कागद खाली ठेवले नाहीत. गॅसकडे वळली आणि पाठमोरी बराच वेळ उभी राहिली. गॅसवर काही नव्हतं.

"पंच्याण्णव," ती म्हणाली. "मला तर हिने पाच मिनिटं टेकू दिलं नाही कधी."

"तू कधी टेकलीस?"

त्या संध्याकाळी मी निघताना तिने दारात नेहमीचा प्रश्न विचारला नाही. "काय काय झालं आज?" असं विचारलं. मला सांगायला वेळ लागला आणि बस चुकली.

बैठक मार्चमध्ये गुरुवारी झाली. मुख्याध्यापिका, समुपदेशक बाई, वर्गशिक्षिका आणि आम्ही दोघं. नवे कागद सगळ्यांसमोर फिरले. वर्गशिक्षिकांनी काला अंबचं पान दोनदा वाचलं.

"सर, यह आपने खुद देखा?"

"नहीं. मैं सो रहा था. दो लोगों ने बताया."

"उनमें एक तो बच्ची ही है," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"जी."

"और दूसरी पडोसन."

"जी. फोन का रेकॉर्ड भी है."

समुपदेशक बाईंनी विचारलं की, पहिल्या वहीत हे का नव्हतं. मी सांगितलं, ती माझी चूक होती. बायको मराठीत माझ्याकडे बघून हळू म्हणाली, "एवढंच नको, कशी झाली ते सांग." मग मी कशी झाली ते सांगितलं: बातमी कशाला म्हणतात, आणि बारा तासांच्या दिवसात मी कोणत्या नऊ मिनिटांसाठी वही उघडत होतो. मुख्याध्यापिकांनी वर्गशिक्षिकांकडे पाहिलं.

वर्गशिक्षिका म्हणाल्या की पुढच्या वर्षी त्या याच तुकडीबरोबर चौथीत जाणार आहेत. बाकं हलवायची असतील तर मुलीला आदल्या दिवशी सांगता येईल, त्याला काही लागत नाही. "मेरी तरफ से रहने दीजिए," त्या म्हणाल्या. मनगटावरची खूण तोपर्यंत गेली होती.

बैठक पन्नास मिनिटं चालली. निर्णय लेखी कळवू, असं सांगण्यात आलं.

शाळेचं पत्र पुढच्या सोमवारी दुपारी बारा चाळीसला ईमेलने आलं. त्यात चार मुद्दे होते. मुलीला चौथीत प्रवेश, पहिल्या सत्रापुरता. सप्टेंबरमध्ये पुन्हा बैठक. आठवड्यातून दोनदा समुपदेशनाचा तास. पालकांनी पूर्ण दिवसाची नोंद दर महिन्याला द्यावी.

एप्रिलमध्ये शाळा सुरू झाली त्या सकाळी चौथीच्या वर्गाबाहेर यादी लावली होती. तिचं नाव अठरावं होतं.